पहिला तोडा

आमचं गाव कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. हिवाळ्यात रात्री मागच्या पडवीत उभं राहिलं की लांबवर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांचे दिवे सरकताना दिसतात. डिसेंबर ते मार्च या दिवसांत त्या रांगेत स्ट्रॉबेरीच्या गाड्याही असतात. संध्याकाळी पाचगणी-महाबळेश्वरहून निघायचं, वाई आणि पुणं मागं टाकायचं, बोरघाट उतरून आमच्या खालापुरातून पुढं जायचं आणि दिवस उगवायच्या आत वाशीच्या फळबाजारात माल उतरवायचा. आम्ही झोपेत असताना ते फळ आमच्या उशाशी होऊन जातं. त्या गाड्या बघितल्या की मला माझी एक फजिती आठवते. पण ती सांगायची तर आधी आमच्या भाताबद्दल सांगायला हवं.

माझ्या लहानपणी आमचा जिल्हा कुलाबा होता. १९८१ साली त्याचं रायगड झालं. तोवर मी दहावी होऊन बापाबरोबर नांगराला लागलो होतो. आमच्याकडं पीक एकच, भात. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र १९१९ सालापासून आहे आणि आमच्या तालुक्याचं नाव भाताच्या जातींना लागलंय. कर्जत-१८४, कर्जत-३ या जाती आमच्या तालुक्याबाहेरच्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतात. भिवपुरीला टाटांचं वीजघर १९२२ साली सुरू झालं. वीज करून सोडलेल्या पाण्यावर तालुक्याच्या काही गावांत उन्हाळी भातही होऊ लागलं. आमची जमीन त्या पाण्याच्या वरच्या अंगाला, म्हणून आम्ही पावसाच्या भातावर आणि एका विहिरीवर.

भाताच्या कापणीची तयारी दसऱ्यापासून सुरू व्हायची. हळवं भात पिवळं पडू लागलं की बापूस विळे घेऊन लोहाराकडं जायचा. आई घरातल्या कणग्या उन्हात काढून शेणमातीनं लिंपायची. खळ्याची जागा सोलून, पाणी मारून, चोपण्यानं चोपचोप चोपायची आणि वर शेणाचा सडा घालून सारवायची. खळं असं व्हायला हवं की सांडलेला दाणा बोटानं उचलला तर त्याला माती लागू नये. कुणाचं भात आधी कापायचं हे पारावर बसून ठरायचं. आज सगळे माझ्या बांधावर, उद्या तुझ्या.

ही तयारी मी पुढं चाळीस वर्षं केली. त्यात एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही, कारण ती माझ्या अंगात मुरलेली होती. भात थांबतं. कापलेलं भात दोन दिवस शेतात वाळत पडतं, मग उडवीत महिनाभर राहतं, झोडून कणगीत घातलं की वर्षभर राहतं. आजारपण आलं, लग्न निघालं, भाव पडला, तरी भात शेतकऱ्याची वाट बघत बसतं. परतीच्या पावसानं दगा दिला तर नुकसान होतं, नाही असं नाही. पण एकदा ते कोरडं घरात आलं की घाई संपली. असल्या पिकावर वाढलेला माणूस घाईच्या फळाच्या नादाला लागला, तर काय होणार?

द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. त्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या हिवाळ्यात मी पाच गुंठ्यांत स्ट्रॉबेरी लावली. रस्त्याकडेला पन्नास रुपयांना एक लहानशी डबी विकताना मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हटलं, आमच्यापासून मुंबई तर त्यांच्यापेक्षा निम्म्याहून जवळ. ओळखीनं पाचगणीकडून अडीच हजार रोपं आणली. आमची भाताची जमीन चिकट, पाणी धरून ठेवणारी, म्हणून कुणीतरी सांगितल्याप्रमाणं गुडघ्याखाली येतील एवढे उंच गादीवाफे घातले. विहिरीचं पाणी होतं. खाली भाताचा पेंढा अंथरला. थंडी त्या वर्षी बरी पडली. जानेवारीत झाडाझाडाला लाल फळ लटकलं तेव्हा अख्खं गाव बघायला आलं. मी बांधावर छाती काढून उभा.

तोडायची वेळ आली तेव्हा घरात काय होतं? आंब्याचे दोन लाकडी खोके आणि टोमॅटोचे चार क्रेट. भाताच्या सवयीनं मी दोन दिवस थांबलो, म्हटलं सगळं एकदम पिकू दे, एकदमच नेऊ. मग दुपारच्या उन्हात घरच्या माणसांनी फळं ओरबाडली. देठ तुटले, टोप्या निघाल्या. क्रेट काठोकाठ भरले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कर्जतहून लोकलच्या मालडब्यात घातले. कल्याण येईतो डब्यात लाल पाणी वाहायला लागलं होतं. एक कोळीण मला म्हणाली, "कसली मच्छी हाय रे ही?" डबाभर माणसं हसली, मीही हसलो. दादरला उतरलो तेव्हा वरचा थर सोडून खाली नुसता लगदा होता. वरच्या थराचे पैसे गाडीभाड्याला आणि हमालाला पुरले.

घरी आलो तर ओट्यावर आमच्या ठाकूरवाडीतली एक म्हातारी बसली होती. बायकोनं तिला सगळं सांगितलं असणार. म्हातारी उन्हाळ्यात करवंदं, जांभळं घेऊन गाडीवर जायची. आमच्याकडं रेल्वे १८५६ सालची, तेव्हा ती खोपोलीपर्यंत आली. १८६३ साली बोरघाट चढून गाडी पुण्याकडं गेली. त्या गाडीच्या आधारानं आमच्या वाड्यांवरच्या ठाकर-कातकरी बायांनी रानमेव्याचा धंदा केला. माझ्या पाहण्यात तरी शेतकऱ्यांपेक्षा त्यांनीच रेल्वे जास्त वापरली. म्हातारी म्हणाली,

"दादा, करवंद काढायच्या आदल्या दिशी आम्ही पानं काढतो. पळसाची. दोनं आधी, करवंद मागून. दोन ओंजळी एका दोन्यात, जास्त नाय. फळालापन फळाचं वजन लागतंय ना."

मी दहावी शिकलेला, सातबारा वाचणारा माणूस. आणि दोनं आधी, करवंद मागून, एवढी साधी गोष्ट मला त्या म्हातारीनं शिकवली. फळ लावायची तयारी मी केली होती. फळ तोडायची तयारी केलीच नव्हती.

पुढच्या वर्षी मी रोपं आणली नाहीत, पण नोव्हेंबरात, आमची कापणी उरकल्यावर, आठ दिवस पाचगणी-महाबळेश्वरच्या मधल्या भिलार गावाला जाऊन राहिलो. मेव्हण्याच्या ओळखीचे एक शेतकरी होते. हेच भिलार २०१७ सालापासून पुस्तकांचं गाव म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. मी गेलो तेव्हा ते फक्त स्ट्रॉबेरीचं गाव होतं.

तिथं फिरताना मला या फळाची कूळकथा कळली, काही नंतर वाचनात आली. आज आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी तशी जुनी नाही. फ्रान्सच्या लष्करातला फ्रेझिए नावाचा इंजिनिअर १७१४ साली दक्षिण अमेरिकेतल्या चिलीहून मोठ्या फळाची रोपं घेऊन मायदेशी परतला. रोपं जगली, पण फळ धरेना. ती सगळी मादी झाडं होती. शेजारी उत्तर अमेरिकेतली दुसरी जात आली तेव्हा कुठं फळ धरलं, आणि त्या दोन जातींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्मली. एका झाडाला शेजार लागतो, ही गोष्ट तेव्हापासूनची.

महाबळेश्वर इंग्रजांनी वसवलं ते १८२८-२९ च्या सुमाराला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून अदलाबदलीनं ती जागा घेतली. पुढं तिथल्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. त्या कैद्यांनी तिथं बटाटा आणि इंग्रजी भाजीपाला पिकवला. स्ट्रॉबेरीही साहेबांचीच देणगी. पण साहेबाच्या काळात ती बंगल्याच्या ताटापुरती होती. टोपलीभर फळ, सकाळी तोडलं, संध्याकाळी खाल्लं. धंदा म्हणून ती वाढली ती तिथल्या माणसांनी एकेक सोय जोडत नेली तेव्हा. किशोर व्होरा यांनी १९५९ साली पाचगणीत मॅप्रो सुरू केली, ती स्ट्रॉबेरीच्या जॅमवर. त्यामुळं बारक्या, वेड्यावाकड्या फळालाही गिऱ्हाईक झालं. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियाहून नव्या जातींची मातृरोपं येऊ लागली. स्वीट चार्ली, कॅमारोसा, नंतर विंटर डॉन ही नावं तिथल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आपल्या सुनांच्या नावासारखी बसली. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे बाहेरून आलेल्या फळाला शंभर-सव्वाशे वर्षांनी त्या मातीचं नाव लागलं.

मी मात्र गेलो होतो ती तयारी बघायला. ती त्या शेतकऱ्यानं मला ओट्यावर बसून बोटं मोजत सांगितली.

"पावणं, आमचा हंगाम जूनला सुरू होतो," तो म्हणाला. परदेशातून मातृरोपं थंड पेटीतून येतात, ती पावसाळ्यात रोपवाटिकेत वाढवतात. घाटाखाली वाईच्या बाजूलाही रोपवाटिका असतात, कारण वरचा पाऊस रोपाला सोसत नाही. मातृरोपाला वेलासारखे धावते फुटवे येतात. प्रत्येक फुटव्याचं टोक मातीच्या पिशवीत टेकवायचं, मूळ धरलं की तोडून वेगळं करायचं. एका रोपाची पंचवीस-तीस रोपं होतात. सप्टेंबरात पाऊस उघडला की गादीवाफे, शेणखत, ठिबकच्या नळ्या. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लागवड संपवायची. एकरी बावीस-पंचवीस हजार रोपं. रोपं रुजली की वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद. तण थांबतं, ओल टिकते आणि फळ मातीला टेकत नाही. आधी तिथंही गवत, पेंढाच अंथरायचे.

मग आली ती गोष्ट जी मी कधी केलीच नसती. पहिली फुलं खुडून टाकायची! मी म्हटलं, "अहो, फूल म्हणजे फळ, खुडायचं कसं?" तो म्हणाला, "रोप पोरवयात आहे. आता फळ धरलं तर पुढं दमणार." त्याची बायको हातानं सरसर कळ्या खुडत होती. तिला काही वाटत नव्हतं, माझ्याच पोटात कालवत होतं.

शेताच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्या होत्या. फुलावर माशी नीट फिरली नाही तर फळ एका अंगानं फुगतं, दुसऱ्या अंगानं आखडतं. महाबळेश्वरचा मध आपण कौतुकानं खातो. तिथला शेतकरी माशीकडं मजूर म्हणून बघतो. त्याच तालुक्यातल्या मांघर गावाला २०२२ साली मधाचं गाव म्हणून मान मिळाला.

पहिला तोडा आठ-दहा दिवसांवर होता. घर एखाद्या लग्नघरासारखं झालं होतं. पडवीत पनेट म्हणतात त्या दोनशे ग्रॅमच्या पारदर्शक डब्यांच्या चळती, पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्ट्या. तराजू तपासून आणलेला. शेताच्या कोपऱ्यात गवताचं छप्पर घातलेलं, तोडलेलं फळ सावलीत आणायला. वाफ्यांतल्या वाटा साफ केलेल्या, पिवळी पानं आणि वाढलेले फुटवे कापलेले. तोडणीच्या बाया ठरलेल्या. कोण कोणत्या वाफ्यावर हेसुद्धा ठरलेलं. औषध शेवटचं कधी मारलं हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलेलं. औषधानंतर ठरलेले दिवस गेल्याशिवाय त्या वाफ्याला हात लावायचा नाही. वाशीचा आडत्या, पाचगणीचा दुकानदार, जॅमवाला, तिघांशी बोलणं झालेलं. गाडीवाल्याला विसार दिलेला. आणि हे सगळं झालं तेव्हा झाडावर फळ अजून हिरवं होतं.

मी असताना त्यानं नव्या बायांना तोडणी शिकवली. पहाटे, दव ओसरलं की सुरुवात, ऊन चढायच्या आत बंद. फळाला धरायचंच नाही. देठ अंगठा आणि बोटाच्या नखात धरून खुडायचा, हिरवी टोपी फळावर राहिली पाहिजे. लांबच्या बाजाराला पाऊण लाल, जवळच्याला पूर्ण लाल. स्ट्रॉबेरी तोडल्यावर आंब्यासारखी अढीत पिकत नाही. रंग थोडा चढेल, गोडी चढत नाही. उथळ ट्रेमध्ये एक थर, फार तर दोन. सावलीत आणून तिथंच निवड, तिथंच भरणी, म्हणजे फळाला दोनदा हात लागत नाही. आणि एक दिवसाआड तोडा. लग्न असो, मयत असो, तोडा चुकवायचा नाही. पिकलेलं फळ झाडावर राहिलं तर सडतं आणि शेजारच्याला सडवतं.

त्या दिवशी मला ठाकूरवाडीची म्हातारी आठवली. पळसाचा दोना काय आणि प्लॅस्टिकची डबी काय, अक्कल एकच.

यानंतर बरीच वर्षं मी स्ट्रॉबेरीचं नाव काढलं नाही. भात करत राहिलो. पण आमच्याकडं काळ बदलत होता. एकेका शेजाऱ्याची जमीन फार्महाऊसला गेली. जिथं खळी होती तिथं पोहण्याचे तलाव झाले. कापणीला माणूस मिळेना, पारावर बसून ठरवायला पारावर कुणी उरलं नाही. दोन वर्षांपूर्वी रस्त्याकडेच्या आमच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलं. मुलगा गप्प होता. रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, विकायचं नसेल तर त्यात काहीतरी पिकवून दाखवायला हवं. शनिवार-रविवार मुंबईची माणसं इथून जातात. आपण स्ट्रॉबेरी लावू. माणसं स्वतः येऊन तोडतील, आपल्याला बाजारात न्यायचीच नाही."

माझ्या पोटात पुन्हा ते मालडब्यातलं लाल पाणी ढवळलं. पण पोरगा जमीन राखायचं बोलत होता, आणि माझ्याकडं दुसरा उपाय नव्हता. शिवाय कल्पना वेडी नव्हती. इंग्लंड-अमेरिकेत गिऱ्हाईकानं शेतात येऊन फळ तोडायची रीत जुनी आहे. आमच्याच तालुक्यात, नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी शेतीला पर्यटनाची जोड दिली ती कितीतरी आधी. त्याच बागेत कायमच्या गादीवाफ्यावर, चिखलणी न करता भात घेण्याची सगुणा पद्धत तयार झाली. म्हणजे गादीवाफा आता आमच्या भातालाही परका राहिलेला नाही.

मी मुलाला म्हटलं, "माणसं तोडायला येतील हे खरं. पण माणसं येणार म्हणजे तयारी कमी नाही, जास्त. गाड्या कुठं लागतील? पोरं वाफ्यावर चढू नयेत म्हणून वाट किती रुंद ठेवशील? कुठल्या ओळी आज उघड्या, कुठल्या बंद, हे कसं सांगशील? प्यायचं पाणी, सावली, संडास? सोमवार ते शुक्रवार पिकलेलं फळ कोण तोडणार आणि कुणाला देणार?"

तो म्हणाला, "मग लावायचीच नाही का?"

मी म्हटलं, "लावायची. पण आधी तोडा, मग लागवड."

तसंच केलं. पहिल्या हिवाळ्यात एकही रोप लावलं नाही. भिलारच्या त्याच घरातून, आता तिथं मुलाचा मुलगा शेती बघतो, दर शुक्रवारी रात्री वीस किलो फळ खालापूरपर्यंत येणाऱ्या गाडीतून उतरवून घेतलं. तुकड्यावर छप्पर घातलं आणि शनिवार-रविवारी विकलं. पहिल्या आठवड्याला नऊ किलो खपलं, उरलेल्याचा सुनेनं जॅम केला. तिसऱ्या आठवड्याला कळलं की सकाळी जाणारी गाडी थांबत नाही, रविवारी दुपारनंतर परतणारी थांबते. सव्वीस जानेवारीला माल दुपारीच संपला. फेब्रुवारीत ऊन चढलं तसं कळलं की आमच्या हवेत फळ दुपारी तीनपर्यंतच तोंड दाखवण्यासारखं राहतं. हे सगळं सून एका वहीत लिहीत होती. त्या वहीत माझ्या चाळीस वर्षांच्या शेतीपेक्षा जास्त हिशेब आहे.

शिल्लक फार राहिली नाही. पण नुकसान झालं नाही, आणि तुकड्याच्या गिऱ्हाईकाला मुलानं स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं.

या दसऱ्याला दोन गुंठ्यांत अकराशे रोपं लावली. दोनच गुंठे, जास्त नाही. ठाकूरवाडीच्या त्या म्हातारीची नात तोडणीला येणार आहे. पहिली फुलं मुलानं मला खुडायला लावली. हात थरथरला, पण खुडली. पडवीत डब्यांची चळत लागलीय, आणि तिच्या शेजारी मी गेल्या महिन्यात लोहाराकडून आणलेले विळे टांगलेत. पहिला तोडा अजून व्हायचाय. झाडावर फळ हिरवं आहे.